बाण आणि मिठीचं पाणी

आमच्या करमाळा तालुक्यात कारवान कुत्र्याला पाण्याचं काही काम पडत नसे. उघडा माळ, हुलग्या-मटकीची रानं, मधून एखादा ओढा, तोही आठ महिने कोरडा. ससा उठला की कुत्रं सुटायचं आणि एक-दोन फर्लांगांत निकाल लागायचा. त्यामुळं कुत्रं पाहताना माणसं त्याचं पोट किती वर चढलंय, छाती किती खोल आहे, शेपूट कशी आहे, हे बघायची. पोहता येतं का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

या कुत्र्याचा इतिहास जुना आहे. कारवान हे नावच तांड्यावरून पडलं. घोडे, कापड, मीठ घेऊन दख्खनेत उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर इराण-अफगाणिस्तानाकडून ही जात आली, असं मानतात. आखूड केसांचा तो कारवानी आणि कानाला, शेपटीला लांब केस असलेला तो पश्मी. पश्म म्हणजे फारसीत मऊ केस, लोकर. पुढं मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात नीट जपली, म्हणून कर्नाटकच्या बाजूला तिला मुधोळच म्हणतात. मुधोळच्या मालोजीरावांनी यातली जोडी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केली असंही सांगतात. जानेवारी 2005 मध्ये भारताच्या टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. ते तिकीट मी जपून ठेवलं आहे.

आपल्याकडं शिकारी कुत्र्याचा मानही होता. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, ही गोष्ट त्या भागात लहान पोरही सांगतं. पण खंड्या नदीत उतरायचा का, पोहायचा का, ते गोष्टीत नाही. इतिहासात कुत्र्याची झेप येते. त्याला शिकवणाऱ्याचे हात येत नाहीत. ते हात मी पाहिले, आणि तेही आमच्या माळावर नव्हे, मुंबईत, कुर्ल्याला.

त्याला कारण 1972 चा दुष्काळ. भीमेचं पात्र कोरडं पडलं होतं. वाळूत झरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरायचं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि सुकडी, यावर दिवस निघायचे. त्या हिवाळ्यात आमच्या वस्तीवरची कुत्री व्याली. पाचांतलं एक पिल्लू जगलं. फिकट वाळूच्या रंगाचं, लांबलचक पायांचं. वडिलांनी नाव ठेवलं बाण. जन्मल्यापासून त्यानं पाणी पाहिलं ते फक्त घागरीत.

माझे चुलते, तात्या, कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये साच्यावर होते. मे 1973 मध्ये ते गावी आले ते मला शिकायला न्यायला. जाताना वडील म्हणाले, "पोराला नेतूस तर कुत्र्यालाबी ने. हितं माणसालाच न्हाई, त्याला काय घालू? सोडून दिलं तर मरंल, आन मारायला माझा हात उचलंना."

पारेवाडी स्टेशनवर गाडीत बसलो. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असायची, तिचं वेगळं भाडं. पहाटे दादरला उतरलो, आणि कुत्र्याला लोकलमध्ये कोण घेणार म्हणून तिथून चालत निघालो. सायन ओलांडल्यावर तात्या म्हणाले, "आता मुंबई संपली. ह्याच्या पुढं साष्टी." ते खरं होतं. सायन आणि कुर्ला यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यानं तिच्यावर बांध घालायला 1798 मध्ये घेतला आणि तो 1805 मध्ये पुरा झाला. त्याआधी कुर्ल्याच्या माणसाला मुंबईत यायचं तर होडी, नाहीतर ओहोटीचा चिखल.

कुर्ला तेव्हा गावच होतं. कंपनी सरकारनं 1808 मध्ये कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार अशी सात गावं होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याला दिली, त्याच्या मुंबईतल्या जागेच्या बदल्यात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी आगगाडी सुटली, ती याच बाजूनं गेली. सात वर्षांनी, 1860 मध्ये, मुंबईला पाणी देण्यासाठी विहारचा तलाव बांधून झाला. मिठीचं वरचं पाणी तिथंच अडलं आणि पावसाळ्यात ओसंडेल तेवढंच खाली येऊ लागलं. 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेऊन तिचं नाव स्वदेशी ठेवलं. घाटावरची आमच्यासारखी घरं त्या भोंग्यावर जगली.

तात्यांची खोली बैल बाजाराच्या मागं, मिठीच्या अंगाला. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात माणसं आणि एक कारवान. मालकाची कुरकुर, शेजाऱ्यांची कुरकुर. पण तात्यांनी कसाईवाड्यातून हाडं आणून त्याला वाढवला. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी रुळांच्या कडेनं पळवून आणायचे. मिलमधले सातारा-सांगलीकडचे लोक खास त्याला बघायला यायचे. अर्धं आयुष्य साच्यापुढं गेलेली माणसं, कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवत गावाकडच्या रानाविषयी बोलत बसायची.

जूनमध्ये पाऊस लागला आणि खरी अडचण कळली. मिठीला भरतीचं पाणी चढतं. वरून पावसाचा लोंढा आणि खालून उधाणाची भरती एका वेळेला आली की पाण्याला जायला वाट राहत नाही, ते चाळीत शिरतं. पहिल्याच आठवड्यात खोलीत गुडघाभर पाणी आलं. आम्ही माळ्यावर चढलो. बाण पाण्याकडं बघून थरथर कापत होता. दारातून ओढला तरी हलेना. दोन दिवसांनी गल्लीतल्या पोरांनी गंमत म्हणून त्याला उचलून नदीत भिरकावला. तो उभाच्या उभा बुडाला, वर आला, पुढचे पाय पाण्यावर आपटत राहिला आणि पुन्हा खाली गेला. एका माणसानं उडी मारून मानगुटीला धरून काढला म्हणून वाचला. त्यानंतर रस्त्यातलं डबकं दिसलं तरी तो लांबून वळसा घालायचा.

तात्या म्हणाले, "हे जनावर एक दिवस पाण्यात जाणार. आपण पाळीवर असताना पाणी आलं, तर कोण उचलायचं त्याला?"

तेव्हा नदीपलीकडं, कलिन्याच्या बाजूला, थोडी भातखाचरं अजून होती. तिथं एक आगरी म्हातारा शेती करायचा. पागोळी टाकून चिंबोऱ्या धरायचा. त्याच्या बांधावर काळी नावाची गावठी कुत्री होती. ती घुशी मारायची, आणि रात्री तिवरांतून कोल्हे आले की त्यांना खाडीपर्यंत हाकलून पोहत परत यायची. आजही विक्रोळी-तुर्भ्याच्या तिवरांत कोल्हे आहेत, तेव्हा तर मिठीकाठी त्यांची कोल्हेकुई रोजची. या कोल्ह्यांमागं इंग्रज साहेबांनी एके काळी विलायतेहून आणलेले हाउंड आणि घोडे साष्टीभर पळवले होते. म्हाताऱ्यानं आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगितलं, की गोऱ्यांची कुत्री कोरड्यावर भारी, पण कोल्हा तिवरांत शिरला की ती काठावर उभी राहून नुसती भुंकायची.

तात्या बाणला घेऊन त्या म्हाताऱ्याकडं गेले. मी बरोबर होतो. म्हाताऱ्यानं कुत्र्याला हात लावण्याआधी नुसता बघून घेतला. मग म्हणाला, "ह्याच्या अंगाव चरबी नाय. काली बघ, गोल हाय, ती तरंगते. हा तुमचा घोडा हाय घोडा. ह्याचा मागचा भाग खाली जातो, म्हून तो उभा होतो, आन उभा झाला का बुडतो. त्याला पानी नाय आवडत असं नाय. त्याला पान्यात आडवा व्हायला नाय येत."

पन्नास वर्षं झाली, पण इतकं नेमकं निदान मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही. कारवानची छाती खोल आणि जड, कंबर बारीक, मागचे पाय लांब. पाण्यात तो घाबरून मान उंच करतो. मान वर गेली की कंबर खाली जाते. मग पुढचे पाय पाणी मागं सारायच्या ऐवजी पाण्यावर आपटतात. तोंडावर पाणी उडतं, नाकात जातं आणि भीती दुप्पट होते. म्हणून फेकून शिकवलेलं गावठी कुत्रं कधी शिकतंही, पण कारवान शिकत नाही, तो फक्त घाबरतो.

शिकवणी सुरू झाली ती नदीत नव्हे, खाचरात. पहिला आठवडाभर बाणला बोटभर पाण्यात फक्त जेवायला घालायचं. म्हातारा सांगायचा, भाकरीचा तुकडा बांधावर नाही, पाण्यात उभं राहून द्यायचा. आधी बाण बांधावरून मान लांब करून तुकडा घ्यायचा. तिसऱ्या दिवशी भुकेनं एक पाय टाकला. पाचव्या दिवशी चारही पाय पाण्यात होते आणि शेपूट पोटाखालून बाहेर आली होती. तेव्हा म्हातारा म्हणाला, "आज बस. घरी न्या." कुत्रं खुशीत असतानाच थांबायचं, हा त्याचा नियम. दमवायचं नाही आणि भीती वाटेपर्यंत तर न्यायचंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात खाचराच्या कडेचा खड्डा. तिथं उतार होता, कुत्र्याच्या पोटापर्यंत पाणी. आधी काळी उतरायची, मग म्हातारा, मग बाण. काळी पुढं गेली की बाण कुंईकुंई करायचा, दोन पावलं टाकायचा, परत फिरायचा. म्हातारा हाका मारायचा नाही. "बोलवलं का तो माझ्याकडं बघतो. त्यानं कालीकडं बघाया पायजे." कुत्र्याचा गुरू कुत्रंच, हे तो जाणून होता. माणसानं फक्त जवळ असायचं.

तिसरा आठवडा अवघड होता. आता पाय सुटणार होते. त्यासाठी म्हाताऱ्यानं अष्टमीचा दिवस धरला. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी मंद चढतं आणि मंद उतरतं. नदीचा एक सखल कोपरा त्यानं निवडला. तिथं चिखल कमी, पायाखाली मुरूम आणि बाहेर यायची वाट सरळ. ती वाट बाणला आधी चार वेळा चालवून दाखवली. कुत्रं बुडतं ते बहुतेक वेळा पोहता येत नाही म्हणून नव्हे, बाहेर कुठून निघायचं ते सापडत नाही म्हणून, असं तो म्हणायचा.

जुन्या लुगड्याचा पट्टा त्यानं बाणच्या पोटाखालून, कमरेच्या अंगाला घेतला आणि दोन्ही टोकं वर एका मुठीत धरली. गळ्यात दोरी मुळीच नाही. छातीभर पाण्यात तो स्वतः उभा. काळी पलीकडं. पाय सुटल्याबरोबर बाण नेहमीसारखा उभा होऊ लागला, पाणी आपटू लागला. म्हाताऱ्यानं लुगड्यानं कंबर वर उचलली. पाठ पाण्याला समांतर झाली आणि एका क्षणात आपटणं थांबलं. पुढचे पाय पाण्याखाली गेले आणि सारू लागले. कुत्र्याच्या चेहऱ्यावर भीती असते तशी नवलाईही असते, ती मी त्या दिवशी पाहिली. पाच-सहा हात अंतर, काठ, अंग झटकणं, भाकरी. पुन्हा एकदा. मग घरी.

रोज लुगडं थोडं सैल. दहाव्या दिवशी म्हाताऱ्यानं तात्यांना खूण केली. तात्यांनी सशाच्या रंगाचा गोणपाटाचा तुकडा सुतळीला बांधून पलीकडच्या अंगानं पाण्यावरून ओढला. कारवान नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतो. हललेलं दिसलं की त्याला राहवत नाही. बाण सरळ पाण्यात शिरला. लुगडं म्हाताऱ्याच्या हातात रिकामं राहिलं. कुत्रं पलीकडं गेलं, गोणपाट तोंडात धरून आपणहून परत आलं. तात्या, जे बारा तास साच्यापुढं उभं राहूनही कधी हूं की चूं करत नसत, ते त्या चिखलात मटकन खाली बसले आणि डोळे पुसू लागले. म्हातारा म्हणाला, "रडतं काय? आता त्याचे कान पुसा. कानात पानी राह्यलं तर सडंल." त्यानं मोबदला घेतला नाही. तात्यांनी मिलचा एक पंचा नेऊन दिला, तो ठेवून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री गल्लीत छातीभर पाणी आलं. आम्ही मुलं खांद्यांवर, बाया दोरीला धरून, अशी रांग हलाव पुलाच्या दिशेनं निघाली. बाण आमच्या बाजूनं पोहत होता, पाठ सपाट, मान थोडीच वर. थकला की एखाद्या ओट्यावर चढून आमची वाट बघायचा.

1976 मध्ये मी दहावी झालो आणि शेतीसाठी गावी परतलो. बाण बरोबर आला. गावाकडं आता शिकारीचे दिवस सरले होते. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि सशामागं कुत्रं सोडणंही हळूहळू गुन्ह्यात गेलं. ते योग्यच झालं. माळावर ससेच किती उरले होते! बाण राखणीचा झाला. पण भीमेवर उजनीचं धरण पुरं होत आलं होतं. 1980 च्या सुमाराला पाणी अडलं आणि ज्या माळाला पाणी माहीत नव्हतं त्याच्या पायाशी समुद्र आला. गावं उठली. पलीकडं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, ते अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोकं वर काढतं.

पाणी चढताना उंचवट्यांची बेटं झाली. आमच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर शेजाऱ्यांची दोन तरणी कारवान कुत्री अडकली. होडी कुणाकडंच नव्हती, माळकऱ्यांकडं कुठून असणार? दोन दिवस ती ओरडत होती. हाका मारल्या की काठाशी यायची, पाण्यात पाय घालायची आणि मागं फिरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाणला घेऊन काठावर गेलो. त्याचं वय तेव्हा सात-आठ वर्षांचं, तोंड पांढरं झालेलं. मी त्याला सोडला नाही की ढकलला नाही. त्यानं त्या दोघांकडं पाहिलं आणि तो उतरला. पलीकडं गेला, अंग झटकलं, त्यांना हुंगलं, थोडा वेळ बसला. मग परत उतरला. एक कुत्रं मागोमाग आलं, धडपडत, पण आलं. दुसऱ्यासाठी तो पुन्हा गेला. मिठीकाठची काळी त्याच्यासाठी जशी पुढं चालायची, तसाच.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तात्या कुर्ला सोडून गावी आले. बाण त्यानंतर दोन वर्षं जगला. दोघंही दुपारभर बांधावर बसून पाण्याकडं बघत असायचे.

भातखाचरं आता कलिन्याला नाहीत. मिठीच्या खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, नदी भिंतींमध्ये आवळली गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच आवळलेल्या नदीनं कुर्ला बुडवलं. माझा चुलतभाऊ त्या रात्री पत्र्यावर बसून होता. तो म्हणाला, पाणी आमच्या लहानपणीच्या वाटांनीच आलं. म्हाताऱ्याच्या खाचराला जिथं पाणी साठायचं, तिथं ते पुन्हा साठायला आलं होतं. त्याची जागा तेवढी राहिली नव्हती.

उजनीकाठी आता ऊस आहे, रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, आणि कारवान पाळायची हौस पुन्हा आली आहे. तरुण पोरं पिल्लं घेऊन येतात, म्हणतात, "काका, ह्याला पाण्यात टाकू का?" मी त्यांना म्हाताऱ्याचं सांगतो. चार-पाच महिन्यांचं होऊ द्या. ऊन असताना न्या, थंडीत नाही, ह्याच्या अंगावर चरबी नाही. पाण्यात भाकरी द्या. पोहणारं जुनं कुत्रं पुढं घाला. बाहेर यायची वाट आधी दाखवा. कमरेखाली लुगडं धरा, गळ्यात दोरी नको. खुशीत असताना घरी न्या. कान पुसा.

एवढ्याला महिना लागतो. ज्याला महिना नाही, त्यानं कारवान पाळू नये.